मुखाच्या आडोशाला

दूधविनायकाच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, दूधविनायक हा काशीचा मराठी मुलूख. इथली काही घरे पेशवाईतली, काही घराणी त्याहून जुनी. दारावरची आडनावे पुण्या-साताऱ्याकडची, पण आतून कानावर येणारी मराठी काशीचीच, हिंदीच्या ओलीने जरा मऊ झालेली. तिथल्या एका घरी मी चार दिवस पाहुणी होते. घरातल्या आजी रोज संध्याकाळी चपला सरकवत सांगायच्या, "येते गं, विनायकाला तोंड दाखवून." दर्शन घेऊन येते असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी ते पहिल्या दिवशी ऐकले आणि सोडून दिले. माझ्या पिशवीत दुसरेच काम होते.

ते काम म्हणजे एका इंग्रजी ख्रिस्ती गीताचा मराठी अनुवाद. गीताचे नाव 'इन द सिक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स'. ते १८८३ साली 'फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड' या छोट्या संग्रहात आले. जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन संगीतकाराने त्याला चाल दिली आणि पुढे ते इंग्रजी बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दूरवर पोचले. देव रोजच्या जगण्यात जवळ असतो, संकटात आणि कंटाळ्यात त्याच्यापाशी जाऊन बसता येते, एवढाच त्याचा विषय. लिहिणारीचे नाव एलन लक्ष्मी गोऱ्हे. जुन्या इंग्रजी स्तोत्रकोशांत तिच्यावर जेमतेम चार ओळी असतात आणि त्यांत 'सर्वोच्च जातीची मराठा ब्राह्मण' हा शिक्का हटकून असतो, जणू गाण्याला लावलेली जर. मराठीत तर तेवढ्याही ओळी सहसा भेटत नाहीत. तिचा जन्म ११ सप्टेंबर १८५३चा, याच शहरातला.

तिच्या वडिलांना मात्र मराठी वाचक थोडेफार ओळखतो, पंडिता रमाबाईंच्या चरित्रात डोकावणारे 'फादर गोऱ्हे' म्हणून. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८२५ साली झाशीजवळच्या एका गावात जन्मले. घराणे कोकणस्थ. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजांच्या पदरी होते. कुटुंब काशीला स्थिरावले आणि मुलगा शास्त्री झाला. घर शैव असले तरी याचा ओढा विष्णुभक्तीकडे होता. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांवर टीका केली होती. तिला उत्तर म्हणून नीळकंठाने १८४४-४५च्या हिवाळ्यात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. तेव्हा त्याला विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. धर्माचा निर्णय निव्वळ तर्काने होत नाही, श्रद्धा आधी आणि युक्तिवाद तिच्यामागून, असे त्या पुस्तकाचे एक मुख्य म्हणणे होते. ते वाक्य त्याच्यावरच उलटायचे होते.

दूधविनायकापासून सिगरा तीन-चार किलोमीटरांवर. तिथे चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते आणि विल्यम स्मिथ नावाचा मिशनरी होता. तरुण शास्त्री त्याला वादात हरवायला गेला, आणि मग जातच राहिला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला. नवे नाव मिळाले नहेम्या. बायबलातला नहेम्या पडलेली वेस पुन्हा उभारायला आपल्या गावी परततो. या नहेम्याला गावाने आत घेतले नाही.

इथवरची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत मिळते, कारण ती वादविवादाची आहे आणि वादविवाद कागदावर राहतात. घरात काय झाले हे कागदावर राहत नाही. नीळकंठशास्त्र्यांची पत्नी लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती माहेरासासरच्या माणसांत होती. पुढे बऱ्याच ओढाताणीनंतर ती त्यांच्याकडे आली, तिनेही बाप्तिस्मा घेतला, आणि १८५३ साली लेकीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारली. तिने लिहिलेली एक ओळही आपल्यापाशी नाही.

या लक्ष्मीबाईंचे मधले दिवस कसे गेले असतील याचा अंदाज मी दुसऱ्या लक्ष्मीबाईंवरून बांधते. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांनी घेतला तो पाच वर्षांनी, १९००मध्ये. त्या पाच वर्षांत काय घडले ते 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ते सगळे चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी घडते. कुणाच्या हातचे प्यायचे, कुणाच्या ताटाशेजारी बसायचे, मूल कुणाच्या घरी जेवले तर काय करायचे. १९३४पासून भागाभागाने निघालेल्या त्या पुस्तकात देव फारसा युक्तिवादातून येत नाही. तो येतो उसन्या पैशांतून, चुकलेल्या गाडीतून, नवऱ्याने कुणालातरी देऊन टाकलेल्या कपड्यांतून, आणि बाई हसता हसता त्याची नोंद ठेवतात. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या दिवसात देव कसा ओळखायचा यावर मराठीत याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही, आणि गंमत अशी की आपण ते विनोदासाठी वाचतो. टिळकांना हे गीतांत साधले. मराठी चर्चच्या 'उपासना संगीता'त त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. ओवी-अभंगाचे वळण त्यांनी तसेच उचलले. जनीबरोबर दळायला बसणारा देव ज्या भाषेत आहे, तिला हे अवघड नव्हते.

गोऱ्ह्यांची लेक या भाषेबाहेर वाढली.

आई गेली. वडील १८५४च्या वसंतात इंग्लंडला निघाले. पंजाबच्या पदच्युत बालमहाराजाने, दुलीपसिंगने, वर्षभरापूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्याच्याबरोबर शिक्षक-पंडित म्हणून नहेम्या गोऱ्हे गेले. लेक तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. तिला स्मेल्स नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढवायला घेतले. १८५७च्या उठावात त्या दांपत्याची आर्थिक घडी विस्कटली. मग रेव्हरंड स्टॉर्स या मिशनऱ्याच्या कुटुंबाने तिला दत्तक घेतले, आणि १८६५मध्ये, बाराव्या वर्षाच्या आसपास, ती त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली. म्हणजे बारा वर्षांत तिसरे घर आणि दुसरा देश. वडील १८५५मध्येच भारतात परतले होते. ते होते, आपल्या कामात होते. त्यांच्या घरात ती नव्हती.

हे लिहिताना माझा सूर चढतो, ते मला कळते. एकोणिसाव्या शतकात आईविना पोर नातलगांकडे वाढणे ही रोजची गोष्ट होती. गोऱ्ह्यांना नातलगच उरले नव्हते, हा बाप्तिस्म्याचा हिशेब. फिरतीवर असलेल्या एकट्या पुरुषाने तान्ह्या मुलीचे काय करावे याची सोय त्यांच्या नव्या समाजातही नव्हती. तरीही, देवाच्या विश्वासूपणावर लिहिताना ही मुलगी हिशेबातून वगळणे मला जमत नाही. स्तोत्रकोशांना ते सहज जमले आहे.

इंग्लंडमधल्या त्या मुक्कामातली एक गोष्ट मॅक्सम्युलरने आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणींत नोंदवली आहे. गोऱ्हे त्याला भेटले तेव्हा फार खिन्न होते. पुस्तकांतून ज्या धर्मासाठी सगळे सोडले, तो लंडनच्या रस्त्यांवर आणि घरांत त्यांना कुठे दिसेना; ख्रिस्ती देश म्हणतात तो हाच असेल तर आपण परत जावे, इथपर्यंत त्यांचे मन आले होते. मला या प्रसंगात शास्त्री नेमका दिसतो. ज्याने आयुष्यभर ग्रंथांवरून वाद केले तो पुरावा शोधत होता तो मात्र लोकांच्या वागण्यात: माणसे पैशांशी, नोकरांशी, परक्यांशी कशी वागतात त्यात. देव इथे आहे की नाही हे त्याला रस्त्यावरून ठरवायचे होते. आपल्याकडेही नाथांची परीक्षा अशीच होते. 'एकनाथी भागवत' याच काशीत पुरे झाले, पण लोकांच्या ध्यानात राहिले ते रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणारे नाथ.

खिन्न होऊनही गोऱ्हे परत हिंदू झाले नाहीत, आणि निश्चिंत ख्रिस्तीही झाले नाहीत. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि धर्मप्रचाराच्या पुस्तिकांत तो पटकन उरकला जातो. १८६०मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांची चिकित्सा केली. दोनच वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवाद आला. १८७०मध्ये ते पाळक झाले. पुढे काउली फादर्स या अँग्लिकन साधुसंघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण कायमच्या शपथा त्यांनी कधी घेतल्या नाहीत. शंका सुटत नव्हत्या. अनंत नरकवासाच्या शिकवणीच्या बचावासाठी त्यांनी पुस्तिका लिहिली खरी, पण ज्या आक्षेपांना ते उत्तर देत होते त्यांतले काही विशीत त्यांनीच म्यूरवर फेकलेले होते. तर्काची धार एकदा लावली की ती धरणाऱ्यालाही कापते. विश्वास आहे असे छातीठोक सांगता येत नाही, आणि सोडताही येत नाही, अशा अवस्थेत ते सत्तेचाळीस वर्षे राहिले. इंदूर, चांदा, कलकत्ता, पुणे, मुंबई. प्रार्थना, उपास, साधी हिंदुस्थानी राहणी, आणि पत्रे.

देवाची जवळीक त्यांना जाणवत होती का? माझे मत असे की जाणवण्याची वाट न पाहता ते चालत राहिले, आणि त्यांच्या बाबतीत विश्वासूपणा या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. उतारवयातल्या एका इंग्रजी पुस्तिकेत त्यांनी लिहिले की ख्रिस्ताचा उपदेश समजण्याची तयारी हिंदूंची आधीच झालेली आहे, कारण गीता-भागवतांत कितीही चुका असल्या तरी त्यांनी आम्हाला अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा शिकवली. इंग्रजी मजकुरात हे शब्द त्यांनी तसेच ठेवले. अनुवादक म्हणून मला तिथे थांबावे लागते. ज्या माणसाने काशी सोडली, त्याने हे चार शब्द मात्र बरोबर घेतले होते, आणि ते कशाच्याही बदली द्यायला तो तयार नव्हता.

पत्रांचा फायदा झाला तो दुसऱ्याच मुलीला. रमाबाई पुण्याला आल्या तेव्हा त्यांची गोऱ्ह्यांशी भेट झाली. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्ह्यांची लिखाणे तिथे पोचत राहिली. आपण वेदांतली म्हणून मानत होतो ती मते प्रत्यक्षात ख्रिस्ती शिकवणीतून आलेली आहेत हे गोऱ्ह्यांमुळे पटले, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एलनचा संग्रह निघाला तेही हेच साल. गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाने एक मराठी बाई ख्रिस्ती झाली आणि त्यांच्या पोटच्या मुलीने युक्तिवादाचा मागमूस नसलेले गीत लिहिले, ही दोन्ही एकाच वर्षातली फळे. रमाबाईंची कथाही तिथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो नंतर मिळाला. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य केडगावच्या मुक्तिसदनात, दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या अन्नात, वस्त्रात, शाळेत आणि बायबलच्या मराठी भाषांतरात गेले.

एलन १८८०मध्ये भारतात परतली होती. सत्ताविसाव्या वर्षी, इंग्रजी हीच आपली भाषा म्हणून घेऊन, स्वतःच्या देशात मिशनरी म्हणून. आधी अमृतसरला काम, मग १८९२पासून १९०० पर्यंत अलाहाबादच्या एका ख्रिस्ती अनाथाश्रमाची अधीक्षक. १८९७मध्ये ती डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका झाली. वडील २९ ऑक्टोबर १८९५ला मुंबईत वारले. ती १९३७पर्यंत जगली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातले गीत एक आणि आश्रमाचे वर्ष कितीतरी. हजेरी, ताप, किराणा, रडणारी नवी मुलगी. आश्रमातल्या पोरींना रात्री ती काय सांगत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. परक्या घरी निजायला लावलेल्या मुलाला काय ऐकायचे असते हे तिला शिकवावे लागले नसणार.

आता गीताकडे. त्याच्या नावातले शब्द तिचे नव्हेत, ते बायबलातले आहेत. एकतिसाव्या स्तोत्रात म्हटले आहे की देव आपल्या माणसांना स्वतःच्या 'प्रेझेन्स'च्या गुप्त जागी लपवतो. मी या एका शब्दापाशी अडले होते. 'उपस्थिती' म्हटले की शाळेचा हजेरीपट. 'सान्निध्य' चालेल, पण त्याला गाभाऱ्यातला थंडपणा आहे. मराठी बायबलात 'समक्षता' येते आणि चर्चमध्ये वाढलेल्या वाचकाच्या कानाला ती सवयीची आहे. मला मात्र 'समक्ष सही केली' हे आठवते. 'सहवास' जवळचा. त्यात एकत्र राहणे आहे, जे या मुलीला वडिलांबरोबर लाभले नाही. एक पूर्ण मसुदा मी 'सहवास' घालून केला. तो गोड झाला. फार गोड झाला.

मग हिब्रू पाहिले. हिब्रू मला येत नाही, कोश उघडता येतो. इंग्रजीने जिथे 'प्रेझेन्स' लिहिले तिथे मूळ शब्द आहे 'मुख'. तुझ्या मुखाच्या आडोशाला तू त्यांना लपवतोस. जुन्या करारात ठिकठिकाणी हाच शब्द आहे: देव मुख फिरवतो, मुख लपवतो, मुखाचा प्रकाश पाडतो. इंग्रजीने चेहरा काढून तिथे भाववाचक नाम ठेवले. मराठीला हे करायची गरजच नव्हती. पंढरपूरला रांगेत तासन्‌तास उभे राहणे जमले नाही तर माणूस मुखदर्शन घेऊन परततो, आणि त्याला कमी मिळाले असे कुणी म्हणत नाही.

आणि दूधविनायकात आजी तोंड दाखवून येतात. वाक्य उलटे आहे, पण ते मुखाचेच आहे: आपण त्याला पाहतो यापेक्षा त्याने आपल्याला आज पाहिले, एवढे पुरे. ते मला चौथ्या दिवशी ऐकू आले. तोवर कानावर पडत होते.

त्या संध्याकाळी मी नवा मसुदा मोठ्याने वाचत होते. 'मुखाच्या आडोशाला' हे अजून बसत नव्हते, चालीत एक मात्रा जास्त होते. आजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले, "कुणाचं गं?"

"गोऱ्ह्यांच्या मुलीचं. इथलेच, काशीचे. शास्त्री होते."

"गोऱ्हे म्हणजे आपल्यातलेच की."

"हो. ते ख्रिस्ती झाले, आजी. पावणेदोनशे वर्षं झाली त्याला."

त्यांचा हात थांबला नाही, पण त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, विषय इथे संपला. या गल्ल्यांत ही बातमी कशी पोचली असेल, कुणी कुणाकडे जाणे सोडले असेल, कोणत्या घरी स्नान करून सुतक धरले असेल, ते सगळे त्या शांततेत असावे असे मला उगीच वाटले. त्यांच्या मनात कदाचित तांदळातले खडेच असतील.

"आणि पोरीची आई?"

"मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली."

"मग पाळलं कोणी तिला?"

मी सांगितले. स्मेल्स, स्टॉर्स, विलायत. नावे त्यांना लागली नाहीत. "परक्यांनी," एवढे त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून पदराला हात पुसले. बाहेर दिवेलागण झाली होती.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या, "मी येतेच," आणि चपला शोधू लागल्या.